उणे साडेसहा आणि तिसरी घंटा

दिग्दर्शकाने टाळी वाजवून तालीम थांबवली. “अरे, तुझे डोळे दिसतच नाहीत. दोन ट्यूबलाइट पेटल्यात तोंडावर.”

सांगलीत नाटक न केलेला माणूस शोधावा लागतो, तेव्हा मी करतो यात विशेष काही नाही. दिवसा पतसंस्थेत कर्जखातं आणि सातनंतर तालीम, असं गेली अकरा वर्षं चाललंय. आजवर वाट्याला आलेले वकील, मास्तर, मुलीचे बाप चष्म्यासकट खपून गेले. या वेळचं नाटक मात्र १९४३ सालचं, प्रतिसरकारच्या धामधुमीतलं, आणि मी त्यात रात्री-अपरात्री रानातून निरोप पोचवणारा भूमिगत शेतकरी. अंगात बंडी, डोक्याला मुंडासं आणि नाकावर हिरवट चमक मारणारा अँटिग्लेअरचा चष्मा. असला शेतकरी गोऱ्या अंमलदाराने पहिल्याच प्रवेशात पकडला असता.

“काढून कर की,” सगळे म्हणाले. ज्यांना नंबर नाही त्यांना हे फार सोपं वाटतं. माझा उजवा डोळा उणे साडेसहा, डावा उणे सात. म्हणजे चष्म्याशिवाय मला स्वच्छ दिसतं ते नाकापासून वीतभरसुद्धा नाही, जेमतेम पंधरा सेंटिमीटर. त्यापुढे माणसं नसतात, रंगांचे डाग असतात. तरी दोन दिवस तशी तालीम केली. पहिल्या दिवशी विहिरीच्या कठड्याला अडखळलो. दुसऱ्या दिवशी गुप्त चिठ्ठी मोठ्या विश्वासाने फौजदाराच्या हातात दिली.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, “अहो, मग लेन्स लावा की परत.” त्या ‘परत’वर तिने जरा जोर दिला.

कारण लेन्सशी आमची जुनी ओळख आहे. सतरा वर्षांपूर्वी, लग्नाच्या फोटोत चष्मा नको म्हणून मी एका दुकानातून लेन्स आणल्या होत्या. दुकानदाराने चष्म्याचा कागद पाहिला, तोच नंबर काढून दिला, वर पाण्याची एक बाटली. डोळा कुणी तपासला नाही. लावायच्या कशा, काढायच्या कशा हेही “सोपं असतंय हो” यातच उरकलं. बाटली संपल्यावर मी फिल्टरचं पाणी वापरलं. पिण्याच्या पाण्याला काय होतंय, असा माझा हिशेब. लग्नहोमाच्या धुराने मग जे व्हायचं ते झालं. आमच्या अल्बममध्ये सप्तपदीच्या पानावर नवरी कोरड्या डोळ्यांनी उभी आहे आणि नवरा मुलगा ढसाढसा रडतोय. आठव्या दिवशी डावा डोळा लालभडक झाला आणि उजेड सोसेना. नशिबाने थेंबांवर भागलं आणि लेन्स कचऱ्यात गेल्या.

या खेपेला सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पडदा वगैरे पाहिला आणि पुढचं काम ऑप्टोमेट्रिस्टकडे, म्हणजे नंबर आणि लेन्सची मापं ठरवणाऱ्या तज्ज्ञाकडे सोपवलं. माझ्या पुतणीच्या वयाची मुलगी होती, पण हातात छडी नाही एवढंच. फिल्टरच्या पाण्याची गोष्ट ऐकून तिने पेन खाली ठेवलं. “सर, तुमचा डोळा वाचला हे लक्षात ठेवा,” म्हणाली. साध्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा एक सूक्ष्मजीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकला तर कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात शिरतो, आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. नळाचं असो, विहिरीचं असो की उकळून गार केलेलं, पाणी आणि लेन्स यांची गाठ पडू द्यायची नाही. आंघोळीला, पोहायला लेन्स काढून. कृष्णेत उडी मारायची तर तीही काढूनच.

मग मोजमापं सुरू झाली. वरची पापणी उलटी करून आतली बाजू पाहिली. खालच्या पापणीत टीपकागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. अश्रू पट्टीवर किती मिलिमीटर चढतात ते बघायचं असतं. माझे पंधरा चढले. “पुरेसे आहेत,” ती म्हणाली, आणि मला उगाच परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. एका यंत्रात हनुवटी टेकवून कॉर्नियाचा बाक मोजला. लेन्सच्या खोक्यावर जो ८.६ असा आकडा असतो तो तिच्या आतल्या बाजूच्या बाकाची त्रिज्या, आणि १४.२ हा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. चप्पल घेताना पाय बघतात तसंच हे. घट्ट झाली तर चिकटून बसते, सैल झाली तर डोळ्यावर भटकते. सतरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून बोहल्यावर चढलो होतो.

आणि नंबर? तोही चष्म्याचा तसाच्या तसा चालत नाही. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण बारा मिलिमीटर दूर असते, लेन्स थेट डोळ्यावर बसते. लहान नंबरात या अंतराने फरक पडत नाही, माझ्यासारख्याला पडतो. उजव्याचा साडेसहा लेन्समध्ये सहा झाला, डाव्याचा सात साडेसहावर आला. कागदावर का होईना, माझा नंबर उतरला.

ट्रायलच्या लेन्स तिने स्वतः लावल्या. डोळ्यात गार थेंब पडल्यासारखं झालं, चारदोनदा पापणी फडफडली आणि मग काहीच नाही. अर्धा तास बाहेर बसवून पुन्हा यंत्रात पाहिलं: पापणी मिटली की लेन्स किंचित हलते का, हललेली जागेवर येते का. एवढं होईपर्यंत मला वाटत होतं की काम झालं. तेव्हा ती म्हणाली, “आता तुम्ही काढा आणि तुम्हीच परत लावा. जमल्याशिवाय घरी सोडत नाही.”

चाळीस मिनिटं लागली.

आधी साबणाने हात धुवायचे, पण तेलकट किंवा सुवासिक साबण नको. कोरडे करायचे ते धागे सुटणार नाहीत अशा कापडाला. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने बघायची. वाटीसारखी दिसली तर सुलटी, कडा ताटलीसारख्या बाहेर पसरल्या तर उलटी. नेहमी उजवीपासून सुरुवात, म्हणजे अदलाबदल होत नाही. एका हाताने वरची पापणी अगदी मुळाशी धरायची, दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने खालची ओढायची, आणि तर्जनीवरची लेन्स आणायची. इथवर सगळं ठीक. पण डोळ्याकडे बोट येताना दिसलं की माझी मान आपोआप मागे जायची. ही मान काही माझ्या ऐकण्यातली नव्हती. शेवटी त्या मुलीने माझी खुर्ची भिंतीला टेकवली. मागे जायला जागाच उरली नाही तेव्हा उजवी बसली. डावी त्यानंतर तीन वेळा दुमडली, एकदा गालावर चिकटली आणि एकदा ओल्या बोटालाच इतकी आवडली की सोडेना. बोट कोरडं असलं की लेन्स डोळ्याकडे जाते, हे तेव्हा कळलं.

काढणं सोपं. वर बघायचं, लेन्स बोटाने खाली पांढऱ्यावर सरकवायची आणि दोन बोटांच्या पेरांनी चिमटीत धरायची. नख लावायचं नाही. मला एकच भीती होती की ती मागे गेली तर? तिला हा प्रश्न दिवसाला दहा वेळा येत असावा. डोळ्याचं आवरण पापणीच्या आत दुमडून बंद झालेलं असतं, मागे जायला वाटच नाही. फार तर वरच्या पापणीखाली लपते.

पहिल्या दिवशी चार तास, मग रोज तास-दीड तास वाढवत आठ-दहापर्यंत, असा रतीब ठरला. माझ्या महिन्याच्या लेन्स, म्हणजे जोडीचं सीलबंद पाकीट उघडल्यापासून महिन्याने टाकायच्या, चांगल्या दिसल्या तरी. लावून झोपायचं नाही. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, तो प्राणवायू थेट हवेतून, अश्रूंमधून घेतो. त्यावर लेन्स आणि वर मिटलेली पापणी म्हणजे दुहेरी कोंडी. डबीतलं सोल्युशन रोज ओतून नवं घालायचं, शिळ्यात भर टाकायची नाही, आणि डबी तीन महिन्यांनी बदलायची. बायकोने हे ऐकून “म्हणजे विरजणाच्या उलट,” एवढीच टिप्पणी केली.

दवाखान्यातून बाहेर आलो आणि पायरीवर थबकलो. पायऱ्या मोठ्या झाल्या होत्या. माझे पायसुद्धा. उणे नंबराचा चष्मा जग लहान करून दाखवतो. माझ्या नंबराला सात-आठ टक्के तरी. तिसरीपासून मी तेच जग खरं धरून चाललो होतो. लेन्समध्ये ते जवळपास आपल्या मापाचं दिसायला लागलं. घरी ताटातली भाकरी मोठी वाटली, आणि आरशात माझे डोळे. चष्म्याआड ते मण्यांएवढे दिसायचे. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही कुणीतरी वेगळेच वाटताय,” आणि दोन दिवस जरा अंतर ठेवून वागली.

पण खरा फायदा हा नव्हे. खरा फायदा कडेचा. चष्म्यातून दिसतं ते चौकटीतलं. चौकटीच्या बाहेर सगळा चिखल, आणि जाड काचेच्या काठाने बघितलं तर दाराची चौकटसुद्धा वाकते. म्हणून चष्मेवाला डोळे फिरवत नाही, मान फिरवतो. हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. लेन्स डोळ्याबरोबर फिरते, त्यामुळे जिकडे बघाल तिकडे मध्यातूनच बघता. तालमीत पहिल्यांदा मी प्रेक्षकांकडे तोंड ठेवून नुसत्या नजरेने विंगेतला इशारा टिपला. दिग्दर्शकाला वाटलं, मी अभिनय सुधारला. मी गप्प राहिलो.

बाकीचे फायदे लहान, पण रोजचे. परतीच्या पावसात काचेवर थेंब नाहीत. चहाच्या कपात तोंड घातलं तरी धुकं नाही. घामाने नाकावरून काही घसरत नाही. आणि कांदा! लेन्स असली की कांदा फारसा झोंबत नाही, कॉर्नियावर झाकण असतं ना. हा शोध मी घरात बोलून दाखवला ही चूक झाली. तेव्हापासून कांदे माझ्याकडे आहेत.

याच सुमारास या मऊ लेन्सचा जन्म कसा झाला ते वाचलं. ओटो विख्टरले नावाचा चेक रसायनशास्त्रज्ञ होता. संशोधनाला वरून पाठिंबा मिळेना, तेव्हा १९६१ च्या नाताळात त्याने घरीच यंत्र जोडलं. मुलांच्या खेळण्यातल्या मेकॅनोसारख्या पट्ट्या, सायकलचा डायनमो आणि वर फिरणारा साचा. साच्यात द्रव सोडायचा आणि तो फिरता-फिरता लेन्सच्या आकारात घट्ट होऊ द्यायचा. आमच्या नाटकातला रहाट मिक्सरच्या जुन्या मोटरवर फिरतो, त्यामुळे या माणसाबद्दल मला एकदम जवळीक वाटली.

मग पतसंस्थेत पहिला दिवस. लेन्स लावून टेबलाशी बसलो, खातेदाराचा अर्ज हातात घेतला आणि अक्षरं पसरलेली. हात लांब केला, तेव्हा जरा जुळली. वय त्रेचाळीस, म्हणजे चाळिशी आलेलीच होती. मला कळली नव्हती, कारण चष्मेवाल्या माणसाची एक सवय असते: बारीक वाचायचं तर चष्मा कपाळावर सरकवायचा आणि कागद नाकाशी न्यायचा. उणे नंबरवाल्याची ती फुकटची सोय. लेन्स कपाळावर कशी सरकवणार? शिवाय उणे नंबराच्या चष्म्यात जवळचं बघायला डोळ्याला थोडे कमी कष्ट पडतात, लेन्समध्ये ते पूर्ण पडतात, हे मागून समजलं. थोडक्यात, चष्मा सोडायला निघालेला मी अधिक एक नंबरचा वाचायचा चष्मा घेऊन परतलो.

दवाखान्यातल्या त्या मुलीने दुसरा मार्गही दाखवला होता. एका डोळ्याला लांबचं, दुसऱ्याला जरा कमी नंबर देऊन जवळचं. पुष्कळांना ते मानवतं. मी चार दिवस करून पाहिलं, पण जिना उतरताना पायरीचा अंदाज चुकल्यासारखा वाटायचा आणि आमच्या सेटला उंचवटे तीन. सोडून दिलं. आता ऑफिसला चष्मा आणि तालमीला लेन्स. दिवसभर संगणकाकडे बघताना पापण्याही कमी मिटतात, त्यात लेन्स असली की संध्याकाळपर्यंत डोळे वाळवंट. तेव्हा ही वाटणी मला पटली. लेन्सच्या जाहिरातीत ‘चष्म्याला कायमचा रामराम’ म्हणतात, तो माझ्या वयाच्या कुणी लिहिलेला नसावा.

आता फजितीही सांगतो. रविवारी दुपारी खलबत्त्यात मिरचीचा खर्डा मी कुटला, भाकरीबरोबर खाल्ला, हात धुतले. रात्री अकराला तालमीहून येऊन लेन्स काढायला बोट घातलं आणि डोळ्यात निखारा पडला. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, एका साबणात हात सोडत नाही. शिवाय लेन्स तो पिऊन बसते, त्यामुळे धुऊन पुन्हा लावण्यात अर्थ नव्हता. नवी कोरी जोडी, तिसऱ्या दिवशी कचऱ्यात. आता लेन्सच्या दिवशी खर्डा चमच्याने.

दुसरी त्याहून वाईट. एका रात्री डावी निघता निघेना. सरकवतोय, चिमटीत धरतोय, डोळा लाल झाला, बायको टॉर्च धरून उभी. शेवटी मुलगी म्हणाली, “बाबा, उजवा डोळा झाका आणि कालनिर्णय वाचा.” झाकला. तारखा नव्हत्याच, भिंतीवर नुसता पांढरा डाग. लेन्स केव्हाच निघून बेसिनच्या कडेला वाळत पडली होती आणि मी पंधरा मिनिटं स्वतःच्या उघड्या बुबुळाला चिमटे काढत होतो. तेव्हापासून आधी कालनिर्णय, मग चिमटा.

नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आल्या. एका संध्याकाळी हेल्मेटची काच वर असताना पाचटाचा कण डोळ्यात गेला. तो लेन्सखाली शिरला की काय होतं हे सांगण्यासारखं नाही. गाडी कडेला लावून लेन्स काढली आणि मग लक्षात आलं की चष्मा घरी आहे. एका डोळ्याने दिसत असताना गाडी ढकलत आलो. पिशवीत आता चष्मा, रिकामी डबी आणि सोल्युशनची लहान बाटली कायम असते.

स्पर्धेतल्या प्रयोगाच्या दिवशी रंगपटात पोचल्यावर पहिलं काम लेन्स. पावडरीचा डबा उघडण्याआधी, मिशीचा स्पिरिट गम हाताला लागण्याआधी. रंगभूषाकारांना हे मी दोनदा बजावलं. ते म्हणाले, “काका, तुमच्या आधी चाळीस जणांच्या लेन्स सांभाळल्यात,” आणि माझं तोंड बंद करून मिशी चिकटवली.

तिसरी घंटा झाली. पडदा सरकला. आणि मला प्रेक्षक दिसले.

अकरा वर्षांत मला प्रेक्षक असे कधी दिसले नव्हते. काचेवर दिवे चमकायचे, त्यामुळे समोर नुसता उबदार काळोख असायचा आणि त्यातून हशा यायचा. आता पहिल्या काही रांगांतले चेहरे सुटे सुटे दिसत होते. परीक्षकांच्या टेबलावर बारका दिवा होता. मी पहिलं वाक्य बोललो आणि त्यातल्या एकाने लगेच काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं असेल? चौथ्या रांगेत एक गृहस्थ तोंडावर हात न ठेवता जांभई देत होते. माझं दुसरं वाक्य गेलं. गेलं म्हणजे गेलंच. फौजदाराने प्रसंग ओळखून खाकरत आपलं वाक्य आधी घेतलं म्हणून गाडी रुळावर आली. ज्याच्या हातात मी चिठ्ठी दिली होती, तोच.

दुसऱ्या अंकात माझी बायको झालेल्या बाईंबरोबर निरोपाचा प्रवेश आहे. त्यांच्याबरोबर हे माझं चौथं नाटक. धुराच्या यंत्राने डोळे कोरडे पडले होते, विंगेत असतानाच ड्रॉप्स घालून आलो होतो. कंदिलाच्या उजेडात त्या “जावा” म्हणाल्या आणि मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरलेले होते. खरेखुरे. खालच्या पापणीवर पाणी थांबलं होतं आणि त्या ते पडू देत नव्हत्या. तालमीत त्या इतकं कधीच करत नसत, आणि आधीच्या तीन नाटकांत केलं असेल तर ते मला चमकत्या काचांमधून कळलेलं नाही. माझं पुढचं वाक्य होतं “रडू नगंस.” ते आजवर मी संहितेत आहे म्हणून म्हणत होतो.

नाटक संपल्यावर आधी हात धुऊन लेन्स काढल्या, मग रंग पुसला. क्रम उलटा झाला तर क्रीम डोळ्यात जातं. चष्मा लावला, आणि रंगपट, आरसे, माणसं सगळी पुन्हा आकसून जुन्या मापात बसली. खरं सांगायचं तर बरं वाटलं. दहा तास झाले होते.

मला अभिनयाचं काही मिळालं नाही. प्रकाशयोजनेला बक्षीस मिळालं, त्याच दिव्यांना ज्यांना मी ट्यूबलाइटच्या दिवसापासून शिव्या घालत होतो.

परवा दिग्दर्शकाचा फोन आला. पुढच्या नाटकात मला हेडमास्तर करायचाय, चष्मेवाला. मी म्हटलं, वा, माझा चष्मा आहेच. “छे, तो नको,” तो म्हणाला, “काचा चमकतात. गोल फ्रेम आणतो, काचा काढून टाकलेली. तू आत लेन्स लाव.”

बायकोला सांगितलं. ती कांद्याची टोपली माझ्यासमोर ठेवत म्हणाली, “मग आजपासूनच सराव करा.”